विश्लेषण : करंट नको, नुसते व्होल्टेज पुरे? कमी विजेवर चालणारी चुंबकी मेमरी नेमकी काय आहे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागधारकाला विजेचे दोन प्रश्न कायम सतावतात. बिल किती येणार आणि मध्येच वीज गेली तर काय? संगणक, मोबाइल आणि कारखान्यांतील नियंत्रक यंत्रांच्या मेमरीपुढेही हेच दोन प्रश्न आहेत. मेमरीने वीज कमी खावी आणि वीज गेल्यावर काही विसरू नये, यासाठी जगभरातील शास्त्रज्ञ चुंबकाचा आधार घेत आहेत. हा चुंबक करंटने न वळवता केवळ व्होल्टेजने वळवता येईल का, हा त्यातील कळीचा मुद्दा. हे तंत्र काय आहे, ते कुठवर आले आहे आणि सोलापूरच्या मागाशी त्याचा संबंध काय, याचा आढावा.

मागामध्ये चुंबक काय करतो?

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही उत्पादनांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. चादरीवर जी नक्षी उमटते ती जेकार्डमुळे. फ्रान्समधील लिआँ शहरात जोसेफ मारी जेकार्ड यांनी १८०४-०५ च्या सुमारास हे यंत्र घडवले. पुठ्ठ्याच्या कार्डावर जिथे छिद्र, तिथली सुई पलीकडे जाते, तिचा हुक उचलला जातो आणि त्या हुकाला जोडलेला उभा धागा वर येतो. छिद्र नसेल तर धागा खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला, म्हणजे प्रत्येक पिकाला, एक कार्ड. नक्षी जितकी मोठी, तितकी कार्डांची माळ लांब.

‘छिद्र आहे’ किंवा ‘छिद्र नाही’ या दोनच शक्यतांत सगळी नक्षी बसते. संगणकाची भाषाही हीच आहे, शून्य किंवा एक. जेकार्डच्या कार्डांवरूनच चार्ल्स बॅबेज यांना आपल्या गणनयंत्रासाठी कार्डे वापरण्याची कल्पना सुचली. त्या अर्थाने पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ ही वीज गेली तरी न विसरणारी मेमरीच होती.

इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्ये कार्डे गेली आणि त्यांच्या जागी प्रत्येक हुकापाशी छोटा विद्युतचुंबक आला. हा चुंबक हुक स्वतः उचलत नाही. वर-खाली होणाऱ्या पट्ट्यांनी वर आणलेला हुक तिथेच धरायचा की खाली सोडायचा, एवढेच तो ठरवतो. समजा जेकार्डला २,६८८ हुक आहेत आणि माग मिनिटाला ३०० पिकांच्या वेगाने चालतो आहे. म्हणजे सेकंदाला पाच पिके आणि सुमारे साडेतेरा हजार ‘हो की नाही’चे निर्णय. यातला प्रत्येक निर्णय तारेच्या वेटोळ्यातून करंट सोडून किंवा थांबवून होतो.

करंटने चुंबक चालवण्यात वाया काय जाते?

तारेतून करंट वाहिला की तार तापते. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. मागावरील मोटर हात लावला तर कोमट लागते त्याचे एक कारण हेच आहे. विद्युतचुंबकाची गोष्ट अशी की, करंट चालू आहे तोवरच तो चुंबक असतो. दार बंद ठेवण्यासाठी माणूस सतत दाराला टेकून उभा राहावा, तसे हे आहे. दार हलत नाही, पण माणूस दमतो.

कायमचा लोहचुंबक वेगळा. त्याला कसलीही वीज न देता त्याची दिशा टिकून राहते. दाराला कडी लावल्यासारखे. एकदा कडी लागली की राखण करायला माणूस लागत नाही. मेमरीसाठी ही उत्तम सोय आहे. चुंबकाचे उत्तर टोक एका बाजूला असेल तर ‘एक’, उलट असेल तर ‘शून्य’. माहिती सांभाळायला वीज शून्य. खर्च येतो तो फक्त दिशा बदलताना, म्हणजे माहिती लिहिताना. तो खर्च कसा कमी करायचा, हाच या सगळ्या संशोधनाचा विषय आहे.

चुंबकी मेमरी नवी आहे का?

नाही. भारतातला पहिला स्वदेशी मोठा संगणक मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनला. १९६० मध्ये तो पूर्णत्वाला आला आणि १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याची मेमरी चुंबकीच होती. फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाच्या इवल्याशा कड्या आणि त्यांतून उभ्या-आडव्या ओवलेल्या तारा, अशी तिची रचना. एक कडी म्हणजे एक बिट, म्हणजे एक ‘हो’ किंवा एक ‘नाही’. एका उभ्या आणि एका आडव्या तारेतून अर्धा-अर्धा करंट सोडला की, दोन्ही तारा जिथे भेटतात तेवढ्याच कडीची दिशा उलटायची.

टिफ्रॅकच्या मेमरीत प्रत्येकी ४० बिटचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे ८० हजारांहून अधिक कड्या. आजच्या हिशेबाने ही क्षमता जेमतेम १० किलोबाइट भरते. मोबाइलवरचा एक साधा फोटोही त्यात बसणार नाही. पण ताण्या-बाण्यासारखी ही मांडणी विणकराला लगेच समजेल अशी होती. अमेरिकेच्या अपोलो यानातील संगणकासाठी याच जातीची एक मेमरी लागली. त्या मेमरीच्या तारा कारखान्यातील महिला कामगारांनी हातानेच ओवल्या होत्या.

पुढे सिलिकॉनच्या चिप स्वस्त झाल्या आणि कड्यांची मेमरी मागे पडली. चुंबक हार्ड डिस्कपुरता उरला.

मग आजच्या मेमरीत अडचण काय आहे?

आज मोबाइल किंवा संगणकात मुख्यतः तीन प्रकारच्या मेमरी असतात. पहिली डीरॅम. तिच्या प्रत्येक कप्प्यात थोडासा विद्युतभार साठवलेला असतो, पण तो गळत राहतो. त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरावा लागतो. फोन नुसता खिशात पडून असला तरी हे काम चालूच असते. दुसरी एसरॅम. ती वेगवान असते आणि प्रोसेसरच्या शेजारीच बसते, पण तिच्यातूनही सतत बारीक करंट झिरपतो. वीज गेली की या दोन्ही मेमरी कोऱ्या होतात.

तिसरी फ्लॅश, म्हणजे पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डमधली. ती विसरत नाही. मात्र लिहिताना तिला तुलनेने मोठे व्होल्टेज लागते, लिहिण्याचा वेग कमी असतो आणि पुन्हा पुन्हा लिहून ती झिजते.

खर्चाचा आणखी एक भाग सहसा लक्षात येत नाही. प्रोसेसरला दोन आकड्यांची बेरीज करायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या हजारो पट ऊर्जा ते आकडे डीरॅममधून आणायला लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांत अशी ने-आण अखंड चालते. त्यामुळे मेमरीची वीज हा आता छोटा मुद्दा राहिलेला नाही.

चुंबकी चिप बाजारात आहे ना?

आहे. तिला एमरॅम म्हणतात. तिचा पाया १९८८ मध्ये घातला गेला. फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, चुंबकी पदार्थांचे अतिपातळ थर एकावर एक ठेवले तर त्यांच्या चुंबकत्वाच्या दिशांनुसार विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलतो. या शोधाला २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

एमरॅमच्या एका बिटमध्ये दोन चुंबकी थर आणि त्यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा साधारण एक नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक थर असतो. एका चुंबकी थराची दिशा पक्की असते, दुसऱ्याची बदलता येते. दोन्हींच्या दिशा सारख्या असतील तर विद्युतरोध कमी, उलट असतील तर जास्त. रोध मोजला की बिट वाचता येतो.

लिहिण्यासाठी सुरुवातीला शेजारच्या तारेतून करंट सोडून चुंबकीय क्षेत्र तयार करत. २००६ मध्ये बाजारात आलेली पहिली एमरॅम याच पद्धतीची होती. पुढच्या पिढीत करंट थेट थरांमधूनच नेला जाऊ लागला. प्रत्येक इलेक्ट्रॉनला ‘स्पिन’ नावाचे स्वतःचे इवलेसे चुंबकत्व असते. एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन मोठ्या संख्येने आत शिरले की ते थराला रेटून त्याची दिशा बदलतात. काही औद्योगिक नियंत्रक यंत्रांत एमरॅम आज वापरली जाते. पण रेटा द्यायचा तर करंट हवा, करंट आला की उष्णता आली. शिवाय पुरेसा करंट पुरवायला जवळचा ट्रान्झिस्टरही मोठा ठेवावा लागतो. त्यामुळे कमी जागेत जास्त बिट बसवणे अवघड होते.

‘व्होल्टेजने चुंबक वळवणे’ म्हणजे काय?

पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकी उंचावर आहे, नळ बंद आहे. नळाच्या तोंडाशी पाण्याचा दाब आहे, पण पाणी वाहत नाही. हा दाब म्हणजे व्होल्टेज. नळ उघडल्यावर वाहणारे पाणी म्हणजे करंट. जुनी पद्धत वाहत्या पाण्याने चाक फिरवण्याची. नवी पद्धत नळ बंद ठेवून नुसत्या दाबाने काम करून घेण्याची.

चुंबकी थर आणि दुसरे टोक यांच्यात विद्युतरोधक थर ठेवून व्होल्टेज दिले की थराच्या पृष्ठभागावर थोडा विद्युतभार जमा होतो आणि तिथेच थांबतो. कपॅसिटर भरावा तसे. आरपार करंट जवळपास वाहत नाही, म्हणून उष्णताही फारशी नाही.

या थोड्याशा भाराने चुंबक कसा वळतो? चुंबकाची दिशा टिकते, कारण ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन स्थितींच्या मध्ये ऊर्जेचा एक उंबरठा असतो. उंबरठा उंच असेल तर माहिती दहा-दहा वर्षे टिकते, पण बदलताना जोर लावावा लागतो. करंटची पद्धत या उंबरठ्यावरून चुंबकाला ढकलून नेते. व्होल्टेजची पद्धत क्षणभरासाठी उंबरठाच खाली करते. लोखंड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड जिथे भिडतात, तिथल्या अणूंमधील इलेक्ट्रॉनांची मांडणी व्होल्टेजने किंचित बदलते. चुंबकाला कोणत्या दिशेला राहणे सोयीचे, हे त्या मांडणीवर अवलंबून असते. उंबरठा खाली आला की चुंबकाची दिशा भोवऱ्यासारखी फिरू लागते. अर्धी फेरी झाली त्याच क्षणी व्होल्टेज काढले की उंबरठा पुन्हा उभा राहतो आणि चुंबक उलट्या दिशेने बंदिस्त होतो. हा सगळा खेळ एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपास आटोपतो.

त्यासाठी थर इतका पातळ का लागतो?

धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. बाहेरून व्होल्टेज दिले की ते लगेच पृष्ठभागाशी गोळा होऊन त्याचा परिणाम आत शिरू देत नाहीत. परिणाम पोहोचतो तो जेमतेम वरच्या एक-दोन अणुथरांपर्यंत. लोखंडाच्या जाड तुकड्यात एक-दोन अणुथरांना कोण विचारतो? पण सगळा चुंबकच मोजक्या अणुथरांचा असेल, तर पृष्ठभागाचे म्हणणे सगळ्यांना ऐकावे लागते.

कापसाचा एक तंतू साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड असतो. या चिपमधील चुंबकी थर एक नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या तंतूपेक्षा दहा ते वीस हजार पट पातळ. तो रंगासारखा फासता येत नाही. निर्वात पेटीत पदार्थाचे अणू उडवून ते तबकडीवर एकेक थर बसवावे लागतात. थर कुठे जाड, कुठे पातळ झाला तर शेजारचे दोन बिट सारखे वागणार नाहीत.

हे प्रयोगात सिद्ध झाले आहे का?

टप्प्याटप्प्याने झाले आहे. २००० मध्ये जपानमधील तोहोकू विद्यापीठाच्या हिदेओ ओहनो यांच्या गटाने एका चुंबकी अर्धवाहकाचे चुंबकत्व केवळ व्होल्टेजने चालू-बंद करून दाखवले. मात्र त्यासाठी उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी लागली. २००९ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या योशिशिगे सुझुकी यांच्या गटाने लोखंडाच्या मोजक्या अणुथरांवर, खोलीच्या तापमानात, हा परिणाम दाखवला. चुंबकाची दिशा धरून ठेवणारी ऊर्जा व्होल्टेजने सुमारे ४० टक्क्यांनी बदलली. २०१२ मध्ये त्याच गटाने लोखंड-कोबाल्टच्या थरात व्होल्टेजच्या छोट्या झटक्याने दिशा उलटवली.

या परंपरेत एक मराठी नावही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएचडी केलेले अश्विन तुळापूरकर जपानमध्ये काम करत असताना, २००५ मध्ये सुझुकी आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ‘नेचर’मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. अशा थरांच्या सांध्यात उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती करंट दिला तर त्यातून एकदिश व्होल्टेज मिळते, हे त्यात दाखवले होते. चुंबकी थराला बसणारा रेटा थेट मोजण्याचे साधन म्हणून हा शोध महत्त्वाचा ठरला. तुळापूरकर पुढे आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्राध्यापक झाले.

दुसरा मार्ग कोणता?

दुसरा मार्ग म्हणजे असा पदार्थ शोधायचा, ज्याच्या आत वीज आणि चुंबकत्व मुळातच एकमेकांशी बांधलेले असेल. असा पदार्थ असू शकतो, अशी अटकळ पिएर क्युरी यांनी १८९४ मध्येच बांधली होती. रशियन शास्त्रज्ञ झ्यालोशिन्स्की यांनी १९५९ मध्ये क्रोमियम ऑक्साइडमध्ये हा गुण असेल असे गणिताने सांगितले आणि पुढच्याच वर्षी आस्त्रोव यांनी तो प्रयोगात पाहिला. हिरव्या रंगासाठी वापरला जाणारा हाच तो क्रोमियम ऑक्साइड.

पण त्याची एक अडचण सोलापूरकरांना विशेष पटेल. सुमारे ३४ अंश सेल्सिअसच्या वर त्याची चुंबकी शिस्त मोडते. ४० अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात असली चिप शेडमध्ये टिकणार नाही. अलीकडे त्यात बोरॉन मिसळून ही मर्यादा सव्वाशे अंशांच्या आसपास नेण्यात शास्त्रज्ञांना यश आले आहे.

असे पदार्थ दुर्मीळ का, याचे उत्तर निकोला हिल, म्हणजे आताच्या निकोला स्पॉल्डिन, यांनी २००० मध्ये दिले. लोखंडासारख्या अणूंमध्ये चुंबकत्व येण्यासाठी ‘डी’ कक्षा अर्धवट भरलेल्या लागतात. पदार्थात कायमचे विद्युत ध्रुव तयार होण्यासाठी मात्र सहसा त्या रिकाम्या लागतात. दोन्ही अटी एकाच अणूला पाळता येत नाहीत. बिस्मथ फेराइटने ही कोंडी फोडली. त्यात चुंबकत्वाची जबाबदारी लोखंड घेते आणि विद्युत ध्रुवांची बिस्मथ.

भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ रामामूर्ती रमेश यांच्या अमेरिकेतील गटाने २००३ मध्ये बिस्मथ फेराइटचे उत्तम पातळ थर बनवले आणि या क्षेत्राला वेग आला. त्याची चुंबकी शिस्त सुमारे ३७० अंशांपर्यंत टिकते, त्यामुळे उन्हाळ्याची चिंता नाही. २०१४ मध्ये या थरावर कोबाल्ट-लोखंडाचा चुंबकी थर ठेवून, खोलीच्या तापमानात, केवळ व्होल्टेजने त्याची दिशा पूर्ण उलटी करून दाखवण्यात आली. २०१८ मध्ये इंटेल आणि बर्कली येथील शास्त्रज्ञांनी यावर आधारित संगणकीय चिपचा आराखडा मांडला. प्रचलित चिपच्या तुलनेत १० ते ३० पट कमी ऊर्जेत काम होईल, असा त्यांचा अंदाज आहे.

कोल्हापूरचा संबंध काय?

तिसरा मार्ग ताणाचा आहे. काही पदार्थांना व्होल्टेज दिले की ते किंचित आकसतात किंवा फुगतात. गॅसच्या लायटरमध्ये याची उलट बाजू वापरतात. आतल्या खड्यावर ठोका बसला की ठिणगी पडते. काही चुंबकी पदार्थ दाबले-ताणले की त्यांची दिशा बदलते. हे दोन पदार्थ एकत्र जखडले, तर व्होल्टेजने पहिला हलतो आणि त्याच्या ताणाने दुसऱ्याचे चुंबकत्व बदलते.

अशा जोडपदार्थांवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अनेक वर्षे काम झाले. फेराइट आणि बेरियम टायटेनेट यांच्या मिश्रणांवरील तेथील शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आले. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, त्याआधी सोलापूरची महाविद्यालये याच विद्यापीठाशी जोडलेली होती. या प्रयोगांत बहुतेक वेळा उलट बाजू मोजली जाते, म्हणजे चुंबकीय क्षेत्र दिल्यावर किती व्होल्टेज मिळते ते. शिवाय तिथले नमुने भाजलेल्या गोळ्यांच्या रूपात असतात, चिपवरील थरांच्या नव्हे. तरीही कोणते दोन पदार्थ, कोणत्या प्रमाणात एकत्र आले की जोड चांगली जमते, हा पायाचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

वीज नेमकी किती वाचते?

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये ५० नॅनोमीटर व्यासाचा बिट व्होल्टेजने बदलून दाखवला. त्यासाठी सुमारे ६ फेम्टोज्यूल ऊर्जा लागली. एका ज्यूलचे एकावर १५ शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोज्यूल. करंटवर चालणाऱ्या एमरॅमला हेच काम करायला साधारण १०० फेम्टोज्यूलच्या पातळीची ऊर्जा लागते.

मीटरच्या भाषेत सांगायचे तर एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. १०० फेम्टोज्यूलच्या दराने एका युनिटमध्ये जितके बिट लिहिता येतील, ६ फेम्टोज्यूलच्या दराने त्याच्या सोळा पटींहून अधिक लिहिता येतील. हा हिशेब फक्त बिट उलटवण्याचा आहे. तारा, वाचन आणि नियंत्रण यांचा खर्च वेगळा. त्यामुळे पूर्ण चिपचा फायदा सोळा पट असेलच असे नाही.

मग ही मेमरी दुकानात का नाही?

पहिली अडचण अचूक वेळेची. नुसत्या व्होल्टेजने उंबरठा खाली येतो, पण चुंबकाने कोणत्या बाजूला जावे हे सांगता येत नाही. एकाच बटणाने दिवा लागतो आणि त्याच बटणाने विझतो, तशी ही स्थिती आहे. म्हणून लिहिण्याआधी बिट वाचावा लागतो. झटका थोडा लांबला तर अर्ध्याऐवजी पूर्ण फेरी होऊन चुंबक जिथल्या तिथे परततो.

दुसरी अडचण परिणामाच्या ताकदीची. बिट जितका लहान, तितका तो आपोआप उलटण्याचा धोका जास्त. तो टाळायला उंबरठा उंच ठेवावा लागतो आणि मग तो खाली आणायला व्होल्टेजचा परिणामही मोठा हवा. तो अजून पुरेसा मोठा नाही.

तिसरी अडचण वाचनाची. करंट गळू नये म्हणून मधला रोधक थर जाड केला तर वाचतानाही करंट कमी मिळतो आणि वाचन मंदावते. बिस्मथ फेराइटची दुखणी वेगळी आहेत. त्याचे थर करंट गळू देतात आणि पुन्हा पुन्हा दिशा बदलून थकतात. मेमरीला कोट्यवधी वेळा चुका न करता काम करायचे असते. प्रयोगशाळेत एक नमुना चालणे आणि तबकडीवरचे सगळे बिट सारखे चालणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर विणकराला सांगायला नको. हातभर नमुना सुंदर उतरणे वेगळे आणि हजारो चादरी एकसारख्या उतरणे वेगळे.

अक्कलकोट रोडच्या बिलात फरक पडेल का?

थेट फरक जवळपास पडणार नाही. कारखान्याची वीज जाते ती मोटरींमध्ये, वाइंडिंग यंत्रांत, रंगाई विभागातील पंपांत. नियंत्रकाच्या मेमरीचा वाटा त्यापुढे नगण्य आहे. हुक धरणाऱ्या विद्युतचुंबकाची जागाही हे पातळ थर घेऊ शकत नाहीत. हुकावर धाग्याचा खराखुरा ताण असतो, तो पेलणे नॅनोमीटरच्या चुंबकाचे काम नव्हे. त्यामुळे ‘या शोधाने मागाचे बिल निम्मे होईल’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. यंत्रमागाच्या वीजदराचा प्रश्न धोरणाचा आहे आणि तो तिथेच सोडवावा लागेल.

फरक पडू शकतो तो दुसऱ्या प्रश्नात. वीज गेली आणि आली, तर नियंत्रकाला आपण कोणत्या पिकावर होतो हे आठवले पाहिजे. नाहीतर नक्षीत खोट राहते आणि तो तुकडा दुय्यम मालात जातो. हे आठवण्यासाठी अनेक यंत्रांत आज बॅटरीचा आधार असलेली मेमरी किंवा फ्लॅश वापरतात. बॅटरी संपते, फ्लॅश झिजते. प्रत्येक पिकाला लिहूनही न झिजणारी, न विसरणारी आणि न तापणारी मेमरी स्वस्त झाली तर हा खर्च वाचेल. मोटरीच्या बेअरिंगवर, बॉयलरवर किंवा पाण्याच्या पाइपवर बसवायच्या छोट्या संवेदकांनाही तिचा उपयोग होईल. त्यांची बॅटरी वारंवार बदलणे कोणालाच परवडत नाही.

मोठी बचत होईल ती डेटा सेंटर आणि मोबाइलमध्ये, जिथे अब्जावधी बिट सतत उलटत असतात. त्यासाठी वरील अडचणी सुटायला हव्यात आणि त्या कधी सुटतील याची तारीख आज कोणी देऊ शकत नाही. पुठ्ठ्याच्या कार्डाने वीज नसतानाही नक्षी लक्षात ठेवली होती. त्यानंतर आलेल्या वेगवान मेमरीला तेवढे एक काम अजून कमी खर्चात जमलेले नाही. व्होल्टेजवर वळणाऱ्या चुंबकाकडून अपेक्षा आहे ती याचीच.